पिवळा कण

सकाळी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालून झाले. पाच मिनिटं ते मान मागे टाकून बसले. तेवढ्यात तिने सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढलं, भिंग पुसलं, दिवा लावला आणि वालुकाश्माचा पातळ काप खाली सरकवला. मग बाबांची खुर्ची टेबलाला भिडवली आणि त्यांचा हात मोजणीयंत्राच्या कळांवर नेऊन ठेवला. बाबांची नजर गेल्यापासून दोघांचं काम असंच चाले. भिंगातल्या दोन रेघा छेदतील तिथल्या कणाचं नाव तिने घ्यायचं, त्या खनिजाची कळ बाबांनी दाबायची.

"बोल. आज लेख गेलाच पाहिजे. डोंगरवाला वाट बघत असेल."

डोंगरवाला म्हणजे बाबांचा जुना विद्यार्थी. ही वाळू जवळच्याच, नुकत्याच वर उचलल्या गेलेल्या पर्वताची आहे, असं त्याने छापून आणलं होतं. बाबांचं उभं आयुष्य उलट सांगण्यात गेलं होतं: ती दूरच्या, जुन्या, शांत भूमीची आहे. लांबच्या प्रवासात वाळूतला ठिसूळ फेल्डस्पार झिजून जातो, उरतो तो चिवट क्वार्ट्झ. आणि या दगडात तर सगळा क्वार्ट्झच.

"क्वार्ट्झ."

टिक्.

"क्वार्ट्झ."

टिक्.

तिने काप किंचित पुढे सरकवला. रेघांखाली पिवळा कण आला. अंगावर फेल्डस्पारची ओळख पटवणारा एकही पट्टा नव्हता. परवापर्यंत तिने पापणी न लववता त्याला क्वार्ट्झ म्हटलं असतं.

"डुलकी लागली का ग?"

"बघतेय, बाबा."

"त्यात बघायचंय काय? पट्टे आहेत?"

"नाहीत."

"मग क्वार्ट्झ. फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून शिकवतोय." टिक्.

"ती कळ नका दाबू."

बाबांचं बोट उचललं गेलं.

"काल प्रयोगशाळेत मी या कापाला आम्ल लावून रंग दिला. क्वार्ट्झ रंग घेत नाही. हा पिवळा झालाय."

"रंग द्यायला कोणी सांगितलं? त्या डोंगरवाल्याने?"

"कुणीच नाही. मलाच राहवलं नाही."

"आम्ल जास्त झालं असेल. सगळंच माखलं असेल."

"शेजारचा कण कोरा आहे, बाबा. अगदी कडेपर्यंत कोरा."

बाबांच्या पापण्यांच्या कडेला औषध ओलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"असे किती?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू? पण नजर फिरवली तर निम्मे तरी."

"निम्मे," बाबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला. "मग आजवर मी मोजले ते काय होते? तू मोजलेस ते?"

पट्टे नसलेला फेल्डस्पारही असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं, वर्गात शिकवलेलं. या दगडात तसा असेल, एवढंच दोघांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"हे बघ," बाबा हळू आवाजात म्हणाले, "मला तर काही दिसत नाही. तू जे नाव घेशील ते मी दाबीन. संध्याकाळी लेख पाठवू. मी काही विचारणार नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे नाही, खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून बसले होते. ती नुसतं 'क्वार्ट्झ' म्हणाली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं.

तिने हात लांब करून मोजणीयंत्राचे सगळे आकडे शून्यावर आणले. त्या खरखरीने बाबा दचकले. तिने काप पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर घेतला आणि भिंगाला डोळा लावला.

"क्वार्ट्झ."

टिक्.

"फेल्डस्पार," ती म्हणाली. जेमतेम ऐकू जाईल इतकंच.

कळ वाजली नाही. तिने डोळा वर केला नाही.

"मोठ्याने सांग," बाबा म्हणाले. "सवयीने बोट क्वार्ट्झवरच जातं."