शामलाच्या जागी

पूजेच्या पाटावर विश्वनाथ एकटाच येऊन बसला, तेव्हा गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली.

"सूनबाई कुठं आहे?"

"ते तं आस्ट्रेलियात आहे," प्रसादाचा शिरा ढवळता ढवळता मैनाबाई चुलीजवळून म्हणाल्या. "नर्साच्या मोठ्या शिक्षणाले गेली, सरकारी शिष्यवृत्तीवर. एक वर्ष झालं, एक राहिलं."

"मंग पहिले सांगायचं नं बाप्पा! बायको जवळ नसली तं तिच्या जागी कमरेले सुपारी लावा लागते. आणा एक अख्खी."

अख्ख्या सुपाऱ्या गुरुजींच्याच यादीप्रमाणे अकरा आणल्या होत्या आणि अकराही चौरंगावर जाऊन बसल्या होत्या. पानाच्या डब्यात नुसती कातरलेली. मैनाबाई शेजारी मागायला निघाल्या, तसा विश्वनाथ उठला. आतल्या फळीवरचा पत्र्याचा डबा उघडून तो एक फळ घेऊन आला. गोल, तपकिरी, गोटीसारखं टणक.

गुरुजींनी ते दाराच्या उजेडात फिरवून पाहिलं. "हे काय होय?"

"मॅकाडेमिया. तिनंच पाठवलं."

मैनाबाईंना एवढं निमित्त पुरे होतं. "आस्ट्रेलियाचा बदाम आहे, गुरुजी. उन्हाळ्यात याले टायफाइड झाला, नुसता सापळा राहिला. वाचला म्हणून तं आजची पूजा. सुनेनं बोटीनं डबा पाठवला. रोज सहा खा म्हणते. आतमधी पाऊण हिस्सा तेलच, पण चांगलं तेल. आजाऱ्याचं मांस भरते, अंगात ताकद येते, मूठभर खाल्लं तं भाकरीचं काम करते. गुडघेबी दुखत नाही."

गुडघ्यांचं शामलाच्या पत्रात काही नव्हतं. ते मैनाबाईंनी पदरचं घातलं होतं.

"मंग खाते का हा?"

"कायचा खाते! एक फोडलं होतं, तेवढंच. डबा भरलेलाच आहे. सांगून सांगून थकली मी."

"फळच आहे नं? चालते," गुरुजींनी निकाल दिला. "लावा."

विश्वनाथनं ते धोतरात कमरेशी खोचलं आणि तो पाटावर बसला.

पोराला चव आवडली नसेल, असं मैनाबाईंना वाटत होतं. चव त्याला फार आवडली होती. खरं कारण त्याच्या उशीखालच्या दुसऱ्या पत्रात होतं. शामलानं लिहिलं होतं, 'दर आठवड्याला वजन कळवा. खरं तेच कळवा. दसऱ्यापर्यंत वाढलं नाही, तर मी सगळं सोडून मिळेल त्या बोटीनं निघते. शिक्षण काय, पुन्हा होईल.'

पुन्हा होणार नव्हतं. अशी संधी दुसऱ्यांदा चालून येत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. विश्वनाथ लकडगंजात लाकडाच्या वखारीत, टालावर, कारकून होता. दर शनिवारी टाल बंद करताना तो जळतणाच्या काट्यावर स्वतः चढायचा आणि येईल तो आकडा इमानदारीनं तिला कळवायचा. एक मण आठ शेर. सहा आठवडे झाले, तरी एक मण आठ शेर. खोटं लिहायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो खातच नव्हता. तिच्यावाचून घर त्याला खायला उठायचं. ती यावी, बस, एवढंच त्याला हवं होतं.

कथा सुरू झाली. मांडी घालून बसल्यावर ते फळ कमरेच्या हाडाला टोचू लागलं. मध्ये मांस म्हणून उरलंच नव्हतं. विश्वनाथ जरा कलता झाला, तरी टोचायचं थांबेना.

गुरुजी संस्कृत वाचत आणि मधूनमधून आपल्या बोलीत सांगत. चौथा अध्याय आला. "नवऱ्याची नाव काठाले लागली म्हणून ते पोरगी प्रसाद टाकून पळाली. झालं! नाव गुडुप. मंग देव म्हणे, बाई, आधी घरी जा, प्रसाद खा, मंग ये. तुझा नवरा कुठं पळून नाही चालला."

लहानपणापासून दर वर्षी ऐकलेली कथा. आज मात्र विश्वनाथचा हात आपोआप कमरेशी गेला आणि आरती होईपर्यंत तिथंच राहिला.

"काढा आता ते," पोथी बांधत गुरुजी म्हणाले. "विहिरीत सोडून द्या."

विश्वनाथनं फळ काढलं, थोडा वेळ मुठीत धरलं. मग अंगणातल्या पाट्यावर ठेवून वरवंट्यानं घाव घातला. दोनदा ते निसटलं. तिसऱ्यांदा फुटलं.

"अगा, काय करून राहिला!" मैनाबाई धावत आल्या. "आत्ताच तं बायको म्हणून बसवली होती तिले! फोडतो काहून?"

"तिनंच सांगितलं वं माय, खा म्हणून."

त्यानं पांढरा गर तोंडात टाकला. चावता चावता डोळे भरून आले, ते त्यानं पुसले नाहीत.

"अजून पाच काढ," तो म्हणाला. "दसऱ्याले येत नाही ते. पुरं शिकूनच येईल आता."

"दसऱ्याले येते म्हणून कोण म्हणलं होतं?" मैनाबाईंना काही उमजलं नाही. पण पोरगा खातो म्हणाला, या आनंदात त्या लगबगीनं डबा आणायला गेल्या.

विश्वनाथनं धोतराचा काठ जरा खाली सरकवला. कमरेच्या हाडावर गोल लाल ठसा उमटला होता. कोणी पाहत नाही असं बघून त्यानं तो अंगठ्यानं घट्ट दाबून धरला, लवकर जाऊ नये म्हणून.