चाळीसपैकी चाळीस

“चाळीसपैकी चाळीस?” साहेबांनी फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर आपटला. “एका घरात पंखा किती जोरात लावायचा यावर दोघांचं पटत नाही, आणि इथे अख्ख्या गल्लीचं एकमत?”

“लोकांनी सांगितलं, ते मी लिहिलं,” ताई म्हणाली. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत.

प्रश्न साधा होता. गल्लीतला दवाखाना पाडून तिथे पार्किंग करावं का? पाहणीचं काम पालिकेने दिलं होतं, आणि पालिकेला ‘हो’ हवं होतं हे ऑफिसच्या भिंतींनाही ठाऊक होतं. फॉर्मांवर मात्र चाळीस वेळा ‘नाही’.

“रविवारी तू आईला घेऊन इस्पितळात होतीस ना? मग चाळीस घरं केलीस कधी?”

“सकाळी लवकर निघाले होते.”

“वीस फॉर्म बदल. मी काही बघितलं नाही म्हणेन.”

“एकही बदलणार नाही. नोकरी घ्या हवी तर.”

साहेबांचा पारा चढला. ऑफिसनेच ताईला दिलेल्या घरांच्या यादीतून त्यांनी नंबर काढले आणि फोन स्पीकरवर टाकला. पालिकेचं नाव ऐकलं की भलेभले कच खातात, हा त्यांचा अनुभव. ताईची मान ताठच होती.

“पालिकेतर्फे बोलतोय. आमच्या बाई म्हणतात, दवाखाना पाडू नका असं तुम्ही सांगितलंत. खरं का?”

उत्तर असं लोकांच्या तोंडात घालायचं नसतं, हे नव्या मुलींना ताईच शिकवायची. आज ती गप्प बसली.

“शंभर टक्के खरं!” पलीकडून एक आजोबा कडाडले. “बाईंनी दारात उभं राहून लिहून घेतलंय. पुन्हा लिहा, मोठ्या अक्षरांत!”

दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, “मी त्यांना पाणीसुद्धा दिलं. माझं ‘नाही’ खोडलंत तर तुमच्या दारात येऊन बसेन, सांगून ठेवते.”

सातव्या फोनवर एकाने उलट साहेबांचंच नाव आणि हुद्दा विचारला. साहेबांनी घाईने फोन ठेवला, कपाळ पुसलं आणि चाळीसच्या चाळीस फॉर्मांवर मुकाट्याने सही केली. ताईचा ऊर भरून आला.

संध्याकाळी पिशवीत चाळीस कोरे फॉर्म घेऊन ती बसमधून उतरली. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला तिने दवाखान्याची गल्ली विचारली.

“डावीकडे वळा. पहिल्यांदाच येताय वाटतं इकडे?”

“हो,” ताई म्हणाली.