चौतीस दात

आप्पांनी भंगारातून जुळवलेल्या विजेच्या सायकलची बेचाळीस दातांची पुढची चकती त्यांच्या लेकीने, सुनंदाने, उतरवली. चौतीस दातांची बसवली आणि चेनच्या चार कड्या काढल्या.

“आता चढाला गुडघे रडणार नाहीत, आप्पा.”

महिनाभर आप्पा गुणगुणत चढ चढले. मग विमा कंपनीचा निरोप आला. प्रत्येक सायकलला सक्तीने बसवलेल्या, जोर मोजणाऱ्या पेडलांनी कळवलं होतं, की आप्पांच्या पायांतला जोर पाचव्या हिश्श्याने घटलाय. इतक्या थकलेल्या माणसाच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च कंपनी देत नाही.

सुनंदाने नवी चकती फिरवून पाहिली. “मीच केलं हे. हिला जोरच कमी लागतो.”

आप्पांनी फळीवरची जुनी चकती पुसून तिच्या हातात दिली.

“बसव परत. दुखत होतं, तोवर त्यांच्या लेखी मी जिवंत होतो.”