वाचून दाखवणारं प्लगइन
प्रश्न वाचून दाखवणारं प्लगइन साडेनऊला हाती आलं आणि कॉलेजची ऑनलाइन परीक्षा दहाला होती. "एका मुलीसाठी चारशे जणांची परीक्षा पणाला लावू नका मॅडम. तिला लेखनिक देऊ," प्राचार्य म्हणाले. ती अंध मुलगी शेजारीच बसली होती. "सर, मागच्या वेळी लेखनिकाने माझी उत्तरं सुधारली आणि मी नापास झाले," ती म्हणाली. पोर्टल सांभाळणाऱ्या मॅडमनी बॅकअप तपासला आणि ‘इन्स्टॉल’ दाबलं. स्क्रीन पांढरीफटक पडली. कुणालाच लॉगिन होईना. मॅडम पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत राहिल्या. प्राचार्य येरझारा घालू लागले. सात मिनिटांनी लॉगिनचं पान उघडलं. मॅडमनी मुलीच्या कानांवर हेडफोन चढवून नमुना प्रश्न लावला. मुलीचा चेहरा मख्खच. "काय गं, ऐकू येत नाही?" "येतंय की. पण ही बाई फार सावकाश वाचते. जरा पळवा ना."