लाल ठिपका

धाकट्या भावाच्या, एमॉसच्या पत्राला लोवेलने उत्तर दिलं नव्हतं. फेब्रुवारीत आलेलं पत्र सप्टेंबर उजाडला तरी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातच होतं. मजकूर त्याला पाठ होता. ‘तब्येत बरी नसते. एकदा येऊन जावं म्हणतो. अक्षराला हसू नकोस. तू बोलावल्याशिवाय मी फाटकाच्या आत यायचा नाही.’

लोवेल हसला नव्हता, त्याने नाक मुरडलं होतं. केंटकीच्या डोंगरातल्या शाळेत चाळीस वर्षं त्याने मुलांकडून अक्षर घोटून घेतलं होतं. अक्षरावरून माणूस ओळखतो, असं तो म्हणे. आणि या पत्रातल्या ओळी झोकांड्या खात होत्या. धाकटा पुन्हा प्यायला लागला होता, दुसरं काय. पंचवीस वर्षांपूर्वी वडिलांची शिकारीची बंदूक विकून त्या पैशांची दारू प्यायलेला हाच तो.

जूनपासून तर दर आठवड्याला, संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला, फाटकाशी एक निळा ट्रक येऊन उभा राहत होता. आतून कोणी उतरत नसे. दहा मिनिटं थांबून तो निघून जाई. लोवेल पडद्याआडून पाही. चेहरा दिसत नसला तरी टोपी तिरकी घालायची तऱ्हा ओळखीची होती. घराचा अंदाज घेतोय, लोवेलने ठरवून टाकलं. एक दिवस तर्र होऊन आत शिरेल.

म्हणून आज तो डार्लीन कॉम्ब्सच्या दुकानात आला होता. तिथे एका भिंतीला बंदुका होत्या आणि दुसरीला मासेमारीचे गळ. त्याने पिस्तूल काउंटरवर ठेवलं. डार्लीनने ते उघडून आत गोळी नाही ना, हे दोनदा पाहिलं. संध्याकाळचं नीट दिसत नाही, नेम धरायला काहीतरी बसवून दे, तो म्हणाला. कशासाठी, तिने विचारलं. रात्री रॅकून येतो, कचऱ्याचा डबा उपसतो, त्याने सांगितलं.

“मिस्टर लोवेल, रॅकूनसाठी एवढा थाट? तुमच्याच शाळेत शिकलेला दिसतोय.”

तो हसला नाही. मग तिने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक, अंधारात आपले आपण चमकणारे हिरवे ठिपके. ते पिस्तुलावरच बसतात आणि नेम धरणाऱ्यालाच दिसतात. दुसरा लेझर; त्याचा लाल ठिपका थेट समोरच्याच्या छातीवर पडतो आणि त्यालाही दिसतो. तो पाहून बरेच जण आल्या पावली पळतात, ती म्हणाली. पण समोर कोण आहे, हे दोन्हींतलं काहीच सांगत नाही. त्यासाठी आधी विजेरी लावावी लागते.

समोर कोण असणार, ते लोवेलला ठाऊक होतं.

मागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर कागदाचा माणूस टांगलेला होता. लोवेलने दुकानातलं रिकामं पिस्तूल उचललं. हिरवे ठिपके एका ओळीत आले. त्याला समाधान वाटलं. मग डार्लीनने लेझरवालं पिस्तूल हातात दिलं.

लाल ठिपका कागदाच्या छातीवर पडला आणि तिथे थांबेना. खांद्यावर गेला, गळ्यावर आला, भिंतीवर उतरला. लोवेलने दोन्ही हातांनी पकड आवळली, श्वास रोखला. ठिपका जास्तच झोकांड्या खाऊ लागला.

“सकाळीच घेतलीत की काय?” डार्लीन म्हणाली.

“मी जन्मात थेंब घेतलेला नाही.”

“ठाऊक आहे हो, चेष्टा केली.” तिचा आवाज खाली आला. “माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी अक्षर बिघडलं, मग चमचा धरवेना. लोक म्हणायचे, म्हातारा पितो. पुढे आत्याचे हातही तसेच थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, रक्तातून येतं हे. तुम्हाला कोणी भावंडं?”

लोवेलने पिस्तूल खाली ठेवलं. त्याने खिशातलं पत्र काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पत्रातल्या त्या झोकांड्या खाणाऱ्या ओळी त्याने आत्ताच पुन्हा पाहिल्या होत्या, भिंतीवर, लाल रंगात, स्वतःच्या हातच्या. कागदाच्या तळाशी ‘फाटकाच्या आत यायचा नाही’ असं लिहिलेलं होतं. जूनपासून तो एकदाही आत आला नव्हता.

“मग काय बसवू?” डार्लीनने विचारलं.

“काही नको,” तो म्हणाला, आणि आपलं पिस्तूल पेटीत घालून बाहेर पडला.

रस्त्यापलीकडच्या पोस्टात त्याने कार्ड घेतलं. साखळीला बांधलेल्या पेनाने लिहिलं आणि फाडलं. दुसरं घेतलं, तेही फाडलं. अशा अक्षरावर त्याने एकाही मुलाला घरी सोडलं नसतं. तिसरं कार्ड मात्र त्याने पुन्हा न वाचताच टपालपेटीत टाकलं.

‘एमॉस, अक्षराला हसू नकोस. मी प्यायलेलो नाही. तूही नव्हतास. फाटक उघडं ठेवतो.’