शुक्रवारचा हॅडॉक

"अजून थोडा राहू दे," ओव्हनच्या काचेला जवळजवळ नाक लावून मेव्हिस म्हणाली. "कुरकुरीत नाही झाला तर पहिल्याच घासाला ओळखेल तो."

"महिनाभर ओळखलं नाही, आता काय ओळखतोय," बेरिल म्हणाली. "माझ्या घराला मात्र माशाचा वास लागलाय. गल्लीतली मांजरं दारात धरणं धरून बसतात."

शेजारणीच्या स्वयंपाकघरात हा उद्योग चालायला कारण होतं. मेव्हिसच्या नवऱ्याच्या, आर्नल्डच्या, रक्तातली चरबी बघून डॉक्टरने त्याचा शुक्रवारचा तळलेला मासा आणि चिप्स बंद केल्या होत्या. नाहीतर छाती उघडावी लागेल, असं बजावलं होतं. "मग शुक्रवार उगवतोच कशाला?" एवढं बोलून आर्नल्ड जो गप्प झाला तो झालाच. मेव्हिसने वाफवलेला मासा वाढला, तर तो काट्याने ताटभर फिरवून उठला. नवरा जगावा, आणि जगताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं नसावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मग तिने डोकं लढवलं. हॅडॉक माशाची कातडी काढायची. त्यांच्या व्हिटबी गावात कातडीसकट मासा देणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. वर मक्याच्या पोह्यांचा चुरा आणि रंगाला चिमूटभर हळद. चिप्ससाठी बटाट्याचे जाड तुकडे अर्धेकच्चे उकडून, फडक्याने कोरडे करून, चमचाभर तेलावर भाजायचे.

खरी मेख वेगळीच होती. मासा-चिप्सच्या दुकानात पुड्यावर कढईत सुटलेला पिठाचा कुरकुरीत चुरा फुकट टाकतात. तो नसता तर आर्नल्डने पुडा उघडताक्षणी चोरी पकडली असती. म्हणून मेव्हिस पिठाचे थेंब ताटलीवर शिंपडून तोही भाजायची. मग दुकानातून मागून आणलेल्या कागदात सगळं बांधून, व्हिनेगर शिंपडून, ती रस्त्याकडच्या दाराने अशी घरात शिरायची की जणू रांगेत उभी राहूनच आली.

आर्नल्ड पुडा कोटाच्या आत धरून बंदरावरच्या बाकाकडे निघायचा. "ताटात उघडला की मजा गेली," हे त्याचं जुनं मत. उतरणीला मेव्हिसचे गुडघे कुरकुरत, म्हणून ती घरीच थांबायची. परत आल्यावर तो वर आणखी चार टोस्ट खायचा. समुद्राच्या वाऱ्याने भूक खवळते म्हणे.

आज मात्र मेव्हिसचे पाय जमिनीवर नव्हते. सकाळीच दवाखान्यातून फोन आला होता. चरबी इतकी उतरली होती की ऑपरेशनचं नाव काढायला नको. जे करताय तेच चालू ठेवा, असं डॉक्टरने सांगितलं होतं.

"आज सांगून टाकणार," ती पुडा बांधत म्हणाली.

"नको गं. फसवलं म्हणून फुगून बसेल."

"बसू दे. माझ्या पोटात आता राहत नाही."

संध्याकाळी आर्नल्ड परत आला, रिकामा कागद चुरगळून टाकला आणि टोस्टसाठी पाव कापायला घेतला.

"कसा होता?" मेव्हिसने विचारलं.

"झकास. नेहमीसारखाच."

"डॉक्टरचा फोन होता. तू वाचलास, म्हाताऱ्या. तुझी छाती आता कुणी उघडत नाही."

आर्नल्डने सुरी खाली ठेवली. त्याचे डोळे भरून आले. मेव्हिसला हसू आवरेना.

"आणि कुणामुळे वाचलास, विचार. दुकानात मी रांगेत उभीच राहिले नाही, फक्त कागद मागून आणला. मासा बेरिलच्या ओव्हनमधला, चिप्सही तिथल्याच. तो चुरासुद्धा माझा. कढई नाही की तळण नाही. आहे का नाही तुझी बायको हुशार?"

आर्नल्ड हळूच खुर्चीवर बसला.

"म्हणजे ते दुकानातलं नव्हतं?"

"एक तुकडासुद्धा नाही."

"मेव्हिस, आधी रागावलो होतो, पण नंतर डॉक्टरने मला एकट्याला बसवून जे सांगितलं ना, त्याने मी पार हादरलो. आणि तू तर इतक्या हौसेने पुडा आणायला लागलीस. नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?" त्याने तिचा हात धरला. "दर शुक्रवारी सगळं बंदरावरच्या सीगल पक्ष्यांना घातलं गं मी."