आग्रह

२००६ साली माझ्या मुलाच्या, अंबरीशच्या, शाळेत वेल्समधल्या एका शाळेचा रग्बी संघ दौऱ्यावर आला आणि पाहुणी मुलं नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्न गावात घराघरांत वाटून दिली गेली. शेजारच्या डच बाईंनी आपल्या वाट्याच्या दोघांना चहाबरोबर एकेक बिस्कीट दिलं, डबा बंद केला आणि झालं त्यांचं आदरातिथ्य.

आमच्याकडचे दोघे म्हणजे संघाचे आधारस्तंभ, दारातून तिरके होऊन आत आले. यजमानांनी दिलेलं काहीही नाकारायचं नाही, अशी त्यांना सरांची सक्त ताकीद होती. ते ऐकून माझ्या बायकोच्या, आसावरीच्या, डोळ्यांत जी चमक आली, ती मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

सामन्याच्या सकाळी तिने श्रीखंड-पुरीचा बेत केला.

"आई, स्टॉप! दे हॅव अ मॅच!" अंबरीश कळवळला.

"मग काय उपाशीपोटी खेळायचं त्यांनी?" म्हणत तिने दोघांच्या ताटात आणखी चार-चार पुऱ्या टाकल्या. पोरं बिचारी 'थँक यू' म्हणत खात राहिली.

उत्तरार्धात दोघे मैदानावर चक्क चालत होते, तेही पोट धरून. आमची शाळा सात वर्षांत पहिल्यांदा जिंकली. अंबरीश नेहमीप्रमाणे राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता.

संध्याकाळी त्याचे कोच फुलं घेऊन दारात उभे राहिले. मी अभिमानाने अंबरीशला हाक मारली.



"त्याला राहू द्या," कोच म्हणाले, "मिसेस आहेत का? पुढच्या वर्षी पाहुण्यांचा आख्खा संघ त्यांच्याकडेच उतरवावा म्हणतोय."